खिडकीवर मी ‘झोप येत नाही’ म्हणालो

केसपेपरच्या खिडकीवरच्या माणसाने विचारलं, “काय होतंय?” मी म्हणालो, “झोप येत नाही.” या तीन शब्दांपायी माझे साडेचार महिने गेले. माझ्यापेक्षा जास्त माझ्या बायकोचे गेले. त्याचा राग अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलोय.

खरा त्रास असा होता. लग्नाला अकरा वर्षं झालीत, मुलगी दुसरीत आहे. रात्री सगळे झोपले की मी फोन घेऊन हॉलमध्ये बसायचो. आधी नुसतं पॉर्न, मग पैसे भरून अनोळखी बायकांशी व्हिडिओ चॅट. पहाटेचे तीन-चार वाजायचे. ॲप काढून टाकायचो, मुलीची शपथ घ्यायचो, दोन दिवसांनी परत तेच. त्यात आनंद केव्हाच उरला नव्हता, हात आपोआप जायचा. सव्वादोन वर्षांत एक लाख चाळीस हजार रुपये गेले. बायकोला कळलं ते पासबुकातून. फीचे पैसे काढायला गेली तेव्हा एन्ट्री मारून आणली. सातशे, नऊशे, दीड हजार, अशा ओळीच्या ओळी. तिने निळ्या पेनाने प्रत्येक ओळीपुढे बारीक टिंब दिलं आणि पासबुक माझ्या ताटाशेजारी ठेवलं. “हे कुणाला दिलेत?” एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन साताऱ्याला भावाकडे गेली. पंधरा दिवसांनी आली ती एका अटीवर, की मी डॉक्टरकडे जायचं.

मधल्या काळात भिंतीवरची ‘गुप्तरोग’ची जाहिरात बघून एका लॉजवर जाऊन आलो होतो. त्याने ‘धातू जाते’ सांगून साडेचार हजारांच्या पुड्या दिल्या. तिकडे कुणी जाऊ नका, याहून जास्त त्यावर लिहीत नाही.

मग शहरातलं मोठं सरकारी रुग्णालय. खिडकी इतकी खाली की वाकावं लागतं, आणि काचेला वाटीएवढं भोक, त्यामुळे बोलायचं ते ओरडून. मी “मानसोपचार” म्हणालो. तो म्हणाला, “मेंटल का? काय होतंय?” मागे रांगेत वीस-पंचवीस माणसं. माझ्या पाठीला चिकटून एक आजी, आणि तिच्यामागे आमच्याच गल्लीतला एक मुलगा आईला घेऊन उभा. त्याने मला ओळखून मान हलवली होती. घरून येताना बसमध्ये मी वाक्य पाठ केलं होतं. ते घशातच राहिलं. “झोप येत नाही.” त्याने ते केसपेपरवर लिहून टाकलं, दहा रुपये घेतले, संपलं.

वर एका टेबलाशी दोन डॉक्टर, चार खुर्च्या, आणि दुसऱ्या पेशंटच्या नातेवाइकाचं कोपर माझ्या कागदावर. डॉक्टरांनी केसपेपर वाचून विचारलं, “किती दिवस झोप नाही?” मी म्हणालो, दोन वर्षं. ते खोटंही नव्हतं. गोळ्या मिळाल्या, पंधरा दिवसांनी या. पंधरा दिवसांनी डॉक्टर वेगळे. त्यांनीही कागद वाचला, “झोप कशी आहे?” मी म्हणालो, थोडी बरी. तिसऱ्या खेपेला गोळी बदलली. अशा नऊ खेपा झाल्या. प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाची रजा, प्रत्येक वेळी बसमध्ये तेच वाक्य पाठ, आणि प्रत्येक वेळी त्या टेबलाशी कुणीतरी तिसरं बसलेलं. डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर दुपारपर्यंत शंभर माणसं असतात आणि कागदावर जे लिहिलंय त्यावरूनच ते विचारणार. पण जी गोष्ट माणसाने आयुष्यात कुणाला सांगितलेली नसते ती त्याला सगळ्यात आधी रांगेत, काचेच्या भोकातून ओरडून सांगायला लावायची, हे ज्याने ठरवलं असेल त्याने एकदा त्या खिडकीशी वाकून बघावं.

घरी आलो की बायको विचारायची, “सांगितलंत ना सगळं?” मी म्हणायचो, हो. खिडकीवरचं खोटं असं घरात आलं. तिला वाटत होतं उपचार चालू आहेत. ती गोळ्यांची वेळ सांभाळायची, शेजारणीला “यांना ॲसिडिटीचं औषध चालू आहे” म्हणून झाकायची. पाचव्या महिन्यात रात्री दोन वाजता ती पाणी प्यायला उठली आणि मी हॉलमध्ये होतो, फोनसकट. ती चिडली नाही. ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “म्हणजे औषधानेही नाही जाणार हे.” त्या औषधाचा या आजाराशी काही संबंधच नव्हता, आणि हे तिला माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. मला पश्चात्ताप सगळ्यात जास्त कशाचा असेल तर तो या वाक्याचा.

त्याच रात्री गच्चीवर जाऊन १४४१६ ला फोन लावला. हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं. अंधारात, चेहरा न दिसणाऱ्या माणसापाशी मी ते वाक्य पहिल्यांदा उच्चारलं. पलीकडच्या ताईंनी मला बोलू दिलं आणि शेवटी दोनच गोष्टी सांगितल्या. खिडकीवर फक्त विभागाचं नाव सांगा, आजार सांगायला तुम्ही बांधील नाही. आणि तोंडाने जमत नसेल तर चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या.

मुलीच्या चाररेघी वहीच्या पानावर चार ओळी लिहिल्या. पुढच्या खेपेला कुणीतरी “काय होतंय?” विचारलंच, मी म्हणालो, “डॉक्टरांना सांगेन.” त्याने मान वर करून पाहिलं आणि कागद दिला. इतकं सोपं होतं. डॉक्टर मॅडमनी चिठ्ठी वाचली, घडी करून फाइलच्या आत ठेवली आणि मला आतल्या खोलीत नेलं. म्हणाल्या, “एवढे दिवस हे एकट्यानेच वागवलंत?” मला रडू आवरलं नाही.

मी विचारलं, हा आजार आहे की मीच नीच आहे? त्यांनी सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, लैंगिक वागण्यावर ताबा न राहण्याची स्वतंत्र नोंद आहे, आवेगावर ताबा न राहण्याच्या आजारांत. पण नुसती लाज वाटते किंवा घरच्यांना आवडत नाही म्हणून कुणाला हा आजार होत नाही. सहा महिने किंवा जास्त काळ ताबा सुटलेला असावा, आणि त्यापायी घर, काम, तब्येत यांची हानी होत असावी. माझ्यात दोन्ही होतं. झोपेची गोळी एकदम बंद करू नका, कमी करत आणू, हेही त्यांनीच सांगितलं. सोबत दुसरं औषध सुरू झालं. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि त्याने शरीरसंबंधाची इच्छाही कमी होऊ शकते, हे आधी विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं आणि महिनाभर घाबरून होतो.

समुपदेशनासाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे तीन आठवड्यांनी नंबर लागला. (बाहेर खासगीत जाणार असाल तर आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी विचारा. बोर्डावर ‘सेक्सॉलॉजिस्ट’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका.) तिथलं काम शांत आणि चिकाटीचं. वही ठेवायची: ओढ कधी आली, कुठे, त्याआधी काय झालं होतं. पाच आठवड्यांत दिसलं की माझ्या बहुतेक वाईट रात्री साहेबांच्या संध्याकाळच्या फोननंतरच्या होत्या. मला वाटायचं मला वासना जास्त आहे, आणि वही सांगत होती की मला अपमान सोसत नाही. ओढ आली की तिला शून्य ते दहा आकडा द्यायचा आणि वीस मिनिटं काहीच न करता थांबायचं. लाट चढते तशी उतरते, असं त्या म्हणायच्या. पहिल्यांदा आठवरून तीनवर उतरलेली मी स्वतः पाहिली तेव्हा मला अभिमान वाटला, आणि तो सांगायला मला संकोच वाटत नाही. फोन आता रात्री दहाला ओट्यावर, मिक्सरशेजारी चार्जिंगला लागतो. पगार बायकोच्या खात्यात जातो.

बायकोला मॅडमनी वेगळं बोलावलं. ती आधी तयार नव्हती, “आजारी मी आहे का?” म्हणाली. तिथे तिचं ऐकून घेतलं गेलं, तेव्हा अकरा वर्षांत मला न सांगितलेलं ती बोलली. मग दोघांना एकत्र बसवून मला सगळं एकदाच सांगायला लावलं. थोडं आज, थोडं पकडल्यावर, असं करू नका. प्रत्येक तुकड्याला बायको नव्याने मोडते. आणि तिला पहारेकरी करू नका. ती रोज माझा फोन तपासायची, त्याने ती आजारी पडायला आली होती. तो भाग मॅडमनी बंद केला.

हे आधी लिहायला हवं होतं: कुणाचे प्रत्यक्ष संबंध झाले असतील तर सरकारी रुग्णालयात आयसीटीसीमध्ये, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गुप्त होते. जोडीदाराच्या जिवाचा प्रश्न आहे, त्यात लाजू नका. आणि मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २३ प्रमाणे आपल्या आजाराची माहिती गुप्त राहणं हा आपला हक्क आहे.

आता चौदा महिने झाले. दोनदा घसरलो, दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः सांगितलं. बायको अजून मुलीच्या खोलीत झोपते. कधी परत येईल हे मी विचारत नाही.

गेल्या महिन्यात रुग्णालयाच्या अधीक्षकांना अर्ज दिला, की खिडकीवर फक्त विभाग विचारावा, आजार विचारू नये. मी लिहिला होता तो लांबला आणि त्यात रागच जास्त होता. बायकोने तो एका पानात आणला आणि तिच्या अक्षरात लिहून दिला. आवक शिक्क्याची प्रत माझ्याकडे आहे. उत्तर आलेलं नाही. गुरुवारी तपासणीला जायचंच आहे, तेव्हा परत विचारणार आहे.