रात्री बारा अठ्ठेचाळीसची धून

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हल या बंदराच्या शहरात मी राहते. हॉस्पिटलातली उशिराची पाळी संपवून घरी पोहोचेपर्यंत साडेबारा होऊन जातात. चहाचं आधण ठेवायचं आणि खिडकीतला रेडिओ बारीक आवाजात लावायचा, कारण खालच्या मजल्यावरचे आजोबा तोवर झोपलेले असतात. मग ती धून सुरू होते.

तिचं नाव ‘सेलिंग बाय’. तीन मात्रांचा संथ वॉल्ट्झ आहे. बासरी हळूच वर चढते, उतरते, पुन्हा चढते आणि खाली व्हायोलिनं झुलत राहतात. नांगरलेली होडी भरतीच्या पाण्यावर जशी डुलते ना, अगदी तसं वाटतं. डर्बीत जन्मलेल्या रोनाल्ड बिंज यांनी ती 1963 साली रचली. मांटोवानींच्या वाद्यवृंदातल्या व्हायोलिनांचा धबधब्यासारखा कोसळणारा नाद हीसुद्धा याच माणसाची करामत.

बीबीसी रेडिओ फोरवर ही धून वाजते ती समुद्राच्या हवामानवृत्ताआधी. हे वृत्त बरोबर बारा अठ्ठेचाळीसला सुरू झालंच पाहिजे, म्हणून आधीचा कार्यक्रम लवकर संपला तर मधली मिनिटं या धुनेनं भरायची. समुद्रावर रेडिओची सुई फिरवत बसलेल्या खलाशालाही ती कानी पडली की आपलं स्टेशन लागलं हे कळतं. एवढ्या साध्या कामासाठी इतकं सुंदर काहीतरी वाजवावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

मग निवेदिका एकेक सागरी विभाग वाचू लागते. वायकिंग, फोर्टीज, क्रोमार्टी, डॉगर... एकूण 31. ईशान्येकडून निघून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे ब्रिटनला वळसा घालायचा. वारा कुठून, किती जोराचा, पाऊस आहे का, दूरवरचं दिसेल का, एवढंच. शब्दही मोजलेले. ‘लवकरच’ म्हणजे सहा ते बारा तासांत आणि ‘नंतर’ म्हणजे बारा तासांनंतर. यातल्या एका विभागाला 2002 पासून ब्रिटनच्या हवामान खात्याचे संस्थापक फिट्झरॉय यांचं नाव आहे. 1859 मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात बुडालं, शेकडो माणसं गेली. त्यानंतर 1861 पासून बंदरांना वादळाचा इशारा पाठवण्याची पद्धत त्यांनी सुरू केली.

मी वाट बघते ती ‘हंबर’ची. हंबर म्हणजे आमचा विभाग. ते नाव आलं की हातातला कप तसाच राहतो.

माझं माहेर हर्णैचं. काका तांडेल, म्हणजे मच्छिमार होडीचे प्रमुख, होते. पावसाळ्याच्या तोंडाशी रेडिओवर ‘मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये’ असं ऐकलं की आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. आईची पहाट अजूनही आकाशवाणीच्या ओळखधुनेनंच होते. (तीही रचली नाझींपासून वाचण्यासाठी मुंबईत आलेल्या वॉल्टर कॉफमन या परदेशी माणसानं! मला हे इथे आल्यावर कळलं.)

हिवाळ्यात इथले बारा अठ्ठेचाळीस म्हणजे तिकडचे सकाळचे सहा अठरा. गेल्या जानेवारीत एका रात्री मी आईला फोन लावला आणि मोबाईल रेडिओजवळ धरला. तिनं अख्खी धून काही न बोलता ऐकली. धून थांबली, बाई बोलू लागली, तेव्हा आईनं विचारलं, “काय सांगतेय गं ती?”

“थांब, आपलं येऊ दे.”

हंबर आलं. वायव्येचा वारा, जोर आठ. मी तिला मराठीत सांगितलं.

“आठ म्हणजे?”

“वादळी वारा, आई.”

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “मग आज कुणी जाऊ नये हो बाहेर.”