गेर उभं राहतं ते दोरीच्या जोरावर

मंगोलियातल्या गेरमध्ये, म्हणजे तिथल्या भटक्या पशुपालकांच्या गोल तंबूवजा घरात, शिरलं की नजर आधी जाते ती वरच्या गोल लाकडी कड्याकडे आणि त्यातून चहूबाजूंनी पसरलेल्या रंगीत वाशांकडे. आपल्याकडे असं गोल घर उभारायचं मनात असलेली मंडळीही सगळी हौस लाकडावरच करतात. घराला धरून ठेवते ती मात्र भिंतीच्या वरच्या काठाला, जाळीच्या बाहेरून आणि नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या जाड थराच्या) आतून आवळलेली दोरी. तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

हिशेब सोपा आहे. वासे तिरपे असतात, त्यामुळे छपराचं वजन भिंतीला बाहेर ढकलतं. भिंत म्हणजे विलोच्या काठ्यांची, कातड्याच्या वादीने सांध्यांवर जोडलेली घडीची जाळी. हा बाहेरचा रेटा सोसायची ताकद तिच्यात नाही, तो सगळा दोरीवर येतो. मधले खांब नाहीत असं धरून छपराचं एकूण वजन ३०० किलो आणि चढ ३० अंश असेल, तर दोरीवर फार तर ८३ किलोचा ताण पडतो. चढ २० अंशांवर आणला तर तोच ताण १३१ किलोंवर जातो. मंगोल गेरचं छप्पर वाऱ्यासाठी मुद्दाम बसकं, वीस-बावीस अंशांचं असतं. म्हणून कड्याखाली दोन खांब देतात आणि ते बराचसा भार सरळ जमिनीवर उतरवतात. खांब वगळून मोकळी जागा हवी असेल तर चढ वाढवा आणि दोरीऐवजी पोलादी केबल घाला. बसकं छप्पर, खांब नाहीत आणि साधी दोरी, हे तिन्ही एकत्र करू नका.

नेहमीचं गेर पाच जाळ्यांचं असतं. व्यास सुमारे ६ मीटर, भिंत दीड मीटर, वासे ८० च्या आसपास. उभारणी जमिनीपासून सुरू होते. जागा सपाट हवी, पाण्याची नळी लावून पातळी बघून घ्या. दाराची चौकट दक्षिणेला उभी करायची, कारण थंड वारा उत्तरेकडून आणि वायव्येकडून येतो. पलंग-पेट्यांसारखं मोठं सामान जाळ्या लावायच्या आधीच आत ठेवतात. दार बुटकं असतं, नंतर ते आत जात नाही. मग जाळ्या ताणून एकमेकींना आणि चौकटीला बांधायच्या.

बहुतेकांचं इथेच बिनसतं. जाळी जास्त ओढली की भिंत बुटकी होते आणि घेर वाढतो, कमी ओढली की उलटं. वाशांची लांबी मात्र ठरलेली. घेर मोठा झाला की वासे कड्याच्या भोकांतून निसटतात, लहान झाला की कडं वर उचललं जातं आणि खांब अधांतरी राहतात. मधोमध खुंटी ठोकून त्रिज्येएवढी सुतळी घ्या आणि भिंतीवर आठ ठिकाणी मोजून बघा. दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुढे जाऊ नका. घेर जमला की मगच आतली दोरी आवळायची. ती चौकटीच्या एका बाजूला पक्की बांधून, पूर्ण फेरी मारून दुसऱ्या बाजूला ताणतात.

आता दोघांनी कडं खांबांसकट उचलून धरायचं. बाकीच्यांनी आधी चार दिशांचे चार वासे लावायचे, मग समोरासमोरच्या जोड्या. एकाच बाजूने भरत गेलात तर कडं कलंडतं. वाशाचं वरचं टोक कड्याच्या भोकात जातं, खालच्या टोकाची दोरीची फास जाळीच्या फुलीवर अडकते. सगळे बसले की ओळंबा सोडून कडं मध्यावर आहे का ते बघा. कड्यातून लोंबणारी एक दोर एरवी वाशांत खोचून ठेवलेली असते. वादळ आलं की तिला जड वजन बांधतात, म्हणजे छप्पर उचललं जात नाही. ही दोर कधीही वगळू नका.

वरून आतलं कापड, लोकरीचा नमदा आणि पांढरं सुती कापड. उन्हाळ्यात नमद्याचा एक थर पुरतो, हिवाळ्यात दोन-तीन लागतात. बाहेरून दोन-तीन पट्टे आवळले की जाळी, नमदा आणि कापड एकजीव होतात. पहिल्या रात्रीनंतर सगळं थोडं बसतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी पट्टे पुन्हा आवळा. घोड्याच्या केसांची दोरी मिळणार नसेल तर पॉलिस्टरची घ्या. नायलॉन ताणावर वाढतो आणि भिजला की आणखी सैलावतो. बाहेर प्लॅस्टिकचं आवरण घालायचा मोह टाळा. चार माणसांच्या श्वासाची वाफ त्याखाली पाणी होऊन साचते, नमदा आतून ओला राहतो आणि वाशांची टोकं कुजायला लागतात.

चूल मधोमध, धुराडं कड्यातून वर. धुराडं जाते तिथे पत्र्याचा तुकडा हवाच. निजताना ऊब टिकावी म्हणून कड्यावरची झडप पूर्ण ओढायची नाही, विशेषतः चुलीत निखारे असताना. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मंगोलियाची राजधानी उलानबातरच्या गेर-वस्त्यांत धुरामुळे मे २०१९ मध्ये कच्चा कोळसा जाळायला बंदी घातली गेली. पण इंधन कुठलंही असो, धुराडं साफ आणि झडप किलकिली हवीच.

सह्याद्रीत हे घर ऑक्टोबर ते मे छान चालेल. पावसाळ्यात नाही. कोरड्या हवेत भिजलेला नमदा लवकर वाळतो, आपल्याकडे तो आषाढात भिजला की भाद्रपदापर्यंत ओलाच. कातड्याच्या वाद्या भिजून सैल पडतात, मग जाळी डुलायला लागते. त्यामुळे जूनच्या आधी सगळं उतरवा. नमदा कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवून, झटकून, कडुनिंबाचा सुका पाला घालून गुंडाळा, नाहीतर कसर लागते. जाळ्या मिटून जमिनीपासून हातभर उंच, आडव्या ठेवा. विलोऐवजी बांबू वापरला असेल तर तो बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या पाण्यात मुरवलेला हवा, तरच भुंगा लागत नाही. वाद्यांच्या जागी नायलॉनची जाड दोरी गाठ मारून ओवली तरी चालते. इथे ताण फारसा नसतो, त्यामुळे नायलॉनचा दोष आड येत नाही.