मागची कॅसेट तीच, पुढची चेनरिंग लहान

सायकलवर लांबच्या चढावर उजवा गुडघा दुखायला लागला, तेव्हा मी आधी सीटच्या उंचीवर संशय घेतला. मग एकदा चढतानाच घड्याळाकडे बघत पायाच्या फेऱ्या मोजल्या. अर्ध्या मिनिटात २६, म्हणजे मिनिटाला ५२. वेग ताशी ८ किमी, आणि सगळ्यात हलका गिअर आधीच लागलेला: पुढे ३४ दात्यांची चकती, मागे २८ची. त्याखाली उतरायला जागाच नव्हती.

सायकलला पुढे पेडलजवळ ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या, म्हणजे चेनरिंग (५०/३४), मागच्या चाकावर अकरा चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट, ११ ते २८ दात्यांची (११-२८). सरळ उपाय वाटला तो ११-३४ कॅसेटचा. मित्राकडून एक आणून बसवली. स्टँडवरच खरखर सुरू झाली. डिरेलर म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग; त्याला कॅसेटपासून लांब ढकलणारा बी-स्क्रू पूर्ण आत घातला तरी त्याची वरची पुली ३४च्या चकतीला घासत होती. मग बेरीज केली, जी आधीच करायला हवी होती. पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक १६, मागे ३४ वजा ११ म्हणजे २३, एकूण ३९. माझा शॉर्ट केज (आखूड पिंजऱ्याचा) डिरेलर ३३ दात्यांपर्यंतच चेनची ढील ओढून घेतो. शिवाय चेन २८च्या मापाने कापलेली. चुकून पुढे ५० आणि मागे ३४ एकदम लागले असते तर डिरेलरच मोडला असता.

त्या रात्री वहीत सगळी गुणोत्तरं मांडली. पुढे ३४ ठेवून मागे ११-३२ कॅसेट घेतली तर ३४ भागिले ३२ म्हणजे १.०६. पुढे ३०, मागे जुनीच २८ ठेवली तर ३० भागिले २८ म्हणजे १.०७. म्हणजे चढावर जे ३२च्या चकतीने मिळणार, ते पुढे ४६/३० लावूनही मिळतं. पुढचा फरक पुन्हा १६च, त्यामुळे डिरेलर जुनाच चालणार.

खरा फायदा मात्र सपाटीवर निघाला. ११-२८ मध्ये ११ ते १५ पर्यंत एकेका दात्याची पायरी आहे, पण ५०च्या चेनरिंगवर तिथे माझी चेन क्वचितच जायची. ताशी ३०च्या आसपास मी १९वर असायचो. ४६ लावल्यावर तोच वेग १७वर मिळतो, आणि जरा जोर लावला की १५, १४. वारा बदलला की पायाची लय न मोडता गिअर बदलता येतो. हे सुख मला फार मोलाचं वाटतं. उतारावर ४६/११ ला मिनिटाला ९० फेऱ्यांच्या लयीत ताशी ४७ किमी मिळतात. त्यापुढे मी पाय थांबवतो.

खर्च क्रँकसेटचा (पेडलचे दांडे आणि चेनरिंग यांच्या संचाचा) झाला, कारण चेनरिंगच्या बोल्टच्या वर्तुळाचा व्यास ११० मिमी असलेल्या जुन्या क्रँकवर ३० दात्यांची चेनरिंग बसतच नाही. चेनच्या दोन कड्या कमी केल्या. पुढचा डिरेलर खाली सरकवताना सगळ्यात जास्त वेळ गेला: त्याच्या केजची (चेन ढकलणाऱ्या पिंजऱ्याची) बाहेरची पट्टी आणि मोठ्या चेनरिंगचे दाते यांत दोनेक मिमी फट हवी, आणि नट आवळला की प्रत्येक वेळी ती हलायची. चौथ्या खेपेला जमलं.

त्याच चढावर पुन्हा मोजलं. वेग तोच ८, अर्ध्या मिनिटात जवळपास ३० फेऱ्या.