जूनमधली गार कोळंबी

रविवार, जून

पावसाचा अजून पत्ता नाही. ढग नुसते येतात, बघून जातात. बडोद्यातला हा मधला काळ मला नकोसा होतो, ऊन मेसारखंच आणि वर हा घाम, अशात रविवार असला म्हणून काय झालं, खोबरं भाजा, वाटण वाटा, गॅससमोर उभं राहा, जीवच होत नाही. लेक कधीची मागे लागली होती की आई ते क्रीमी कोळंबीचं सॅलड कर ना, गार गार. आज केलं. आणि मला ते फार आवडलंय, म्हणून हात धुऊन लगेच लिहायला बसले.

सकाळी आमच्या नेहमीच्या मच्छीवाल्याकडे गेले. १ जूनपासून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद, तेव्हा समुद्राची कोळंबी आत्ता मिळणार नाही हे माहीतच होतं, तरी तोंडातून निघालंच विचारायचं. तो म्हणाला, "दरियानो माल हमणां क्यांथी लावुं बेन, आ तळावनो छे." म्हणजे शेततळ्यातली, भरूच, सुरत, नवसारीकडे जी खाऱ्या पाण्याची तळी आहेत तिथली. ही वनामी जात मूळची आपली नाहीच, मेक्सिको ते पेरूच्या बाजूच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची, आपल्याकडे २००९ पासून तिची शेती सुरू झाली आणि आता बहुतेक सगळीकडे हीच मिळते. आमच्या घरात तिला जरा नाकं मुरडतात, समुद्राच्या कोळंबीची चव हिला नाही म्हणून. कालवणात मलाही ते पटतं. पण सॅलडला ही चांगली, गोडसर, एकसारख्या आकाराची, शिजतेही सगळी एकाच वेळी. अर्धा किलो घेतली, डोक्यासकट. डोकी आणि टरफलं गेल्यावर निम्म्यापेक्षा जरा जास्त उरते, चौघांना पुरते.

सासूबाईंना हा प्रकार पसंत नव्हता. त्यांचं माहेर अलिबागकडचं, कोळंबीतलं त्यांना जेवढं कळतं तेवढं मला या जन्मात कळणार नाही. "अगं, मसाला नाही, आलं-लसूण नाही, आणि वर गार खायची, वास नाही का मारणार?" मी म्हटलं, आई, चांगली असेल तर नाही मारणार. हे मी त्यांचं तोंड बंद करायला नाही बोलले, मला खरंच तसं वाटतं. आपल्या मसाल्यात दुय्यम माल खपून जातो हो, तिखट, चिंच, खोबरं, कोळंबी जरा उतरलेली असली तरी कुणाला कळत नाही. सॅलडमध्ये लपायला जागाच नाही. जी कोळंबी आहे तीच तोंडात येते. म्हणून यात खरं काम खरेदीचं, आणि नंतरच्या दोन-तीन मिनिटांचं.

मग सासूबाईच परात घेऊन बसल्या. एकेक उचलायच्या, अंगठ्याने डोकं हलवून बघायच्या, डोकं अंगाला घट्ट असलं की बाजूला, सैल असलं की नाकाशी. टरफल अंगाला चिकटलेलं हवं, डोक्यापाशी काळं पडायला लागलेलं नको. दोन त्यांनी न बोलता काढून टाकल्या, मला तर त्या बाकीच्यांसारख्याच दिसत होत्या. पाठीवर सुरीने हलकीशी चीर द्यायची आणि काळा धागा टोकाला धरून ओढायचा, अख्खा येतो. आतडंच ते, त्यात रेती असते, कालवणात एक वेळ चालून जाईल पण सॅलडमध्ये दाताखाली कचकन येते.

शिजवण्याबद्दल नीट लिहिते कारण सगळी मेख तिथेच आहे. पातेल्यात पाणी, मीठ बऱ्यापैकी, दहाबारा मिरे, एक तमालपत्र, लिंबाच्या सालीच्या दोन पट्ट्या. खळखळून उकळलं की गॅस बंद. बंदच. मग कोळंबी घालून झाकण ठेवायचं, मध्यम आकाराच्या कोळंबीला दोन ते तीन मिनिटं पुरतात. राखाडी रंग जाऊन केशरी-गुलाबी होते, तो रंग तिच्यात आधीपासूनच असतो, प्रथिनाने धरून ठेवलेला, उष्णतेने ती पकड सुटते आणि रंग दिसतो. लेकीला हे फार आवडलं, झाकण उघडून बघत होती, मी दोनदा ओरडले. अर्धगोल वाकली की झाली. शेपूट डोक्याला टेकून पूर्ण वेटोळं झालं तर समजायचं की पुढे गेली, मग रबर. झाल्या झाल्या चाळणीत आणि लगेच बर्फाच्या पाण्यात, पण तिथेही जेमतेम मिनिटभर, पाण्यात पडून राहिली की चव त्या पाण्यात जाते. नंतर सुती पंच्यावर पसरून अगदी कोरडी करायची.

खरं तर या सॅलडचा शत्रू एकच, पाणी. क्रीमी म्हणून करतो आणि ताटात येईपर्यंत त्याचं ताक होतं, ते या पाण्याने. काकडीच्या बिया काढून बारीक चौकोनी चिरली, मीठ लावून दहा मिनिटं ठेवली, घट्ट पिळून घेतली. दही फडक्यात टांगलं होतं, चक्का निघाला. पाककृतींमध्ये सेलरी असते, मला तिचा वास आवडत नाही, पातीचा कांदा घातला. फ्रोजन कोळंबी वापरायची वेळ आली तर ती रात्रभर फ्रीजमध्ये खाली ठेवून सुटू द्यावी, तिच्यावर बर्फाचा थर असतोच आणि बरेचदा पाणी धरून ठेवणारे क्षारही लावलेले असतात. पाकिटावर ३१-४० असं लिहिलेलं असतं ते एका पाउंडात किती नग, आकडा लहान तेवढी कोळंबी मोठी.

ड्रेसिंगमध्ये चक्का जास्त, मेयो कमी. इकडे दुकानात बहुतेक बिनअंड्याचं मेयो मिळतं आणि ते चांगलंच गोड असतं, नुसतं तेच घातलं तर सॅलडची मिठाई होते. त्यावर उपाय म्हणून मोहरीची डाळ थोड्या पाण्यात फेसून घातली, नाकात झिणझिण्या येईपर्यंत, वर मिरपूड, लिंबाची किसलेली साल, आणि खंडेराव मार्केटमधून आणलेल्या शेपूचे कोवळे शेंडे. शेपू आणि कोळंबी इतकी छान जमते! आपण त्या शेपूला मूगडाळीत घालून मोकळे होतो. कोळंबी, काकडी, कांदा घालून हलक्या हाताने कालवलं, तासभर फ्रीजमध्ये, लिंबू अगदी वाढताना.

आईंनी मात्र कालवायच्या आधीच आपल्या वाटीत पाचसहा उकडलेल्या काढून घेतल्या. मीठ, मिरपूड, लिंबू. "मला एवढंच दे, ते पांढरं तुम्ही खा." नंतर परत येऊन अजून काढून घेतल्या. मला त्यांचं खरं तर बरोबर वाटलं, कोळंबी इतकी चांगली लागत होती की वरचं सगळं नसतं तरी चाललं असतं. आम्ही तिघांनी पांढरं खाल्लं, टोस्टवर, वर थोडं लाल तिखट भुरभुरवून. ह्यांनी तिसऱ्यांदा घेतलं.

उद्या सोमवार, घरात मच्छी नाही, आणि मेयो-दह्याचं असलं काही या उकाड्यात मी तसंही बाहेर ठेवत नाही, त्यामुळे दुपारीच संपवलं. डोकी आणि टरफलं थोड्या तेलात परतून पाणी घालून वीसेक मिनिटं उकळली, गाळून डबा फ्रीजरमध्ये टाकलाय. बुधवारी आई त्यात भात करणार आहेत, आलं-लसूण घालून.