आमची वाटचाल : आज्जाची लाल वही

आमच्या बेळगावच्या बंदुकांच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक आधी काचेच्या कपाटाकडे बघतं. त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात लाल कापडी बांधणीची एक वही आहे, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. आमच्याकडून विकलेलं, आमच्याकडे दुरुस्तीला आलेलं किंवा नुसतं तपासायला आणलेलं हत्यार जिथे जिथे अडलं, ते तिच्यात लिहिलेलं असतं. तारीख, बोअर म्हणजे नळीचं माप, काडतूस कुठलं, हवा कशी होती, शेवटचं तेल कधी घातलं होतं. सध्या पाचवी वही चालू आहे. पहिली आज्जानं १९६८ साली घातली.

आज्जा लष्कराच्या मराठा सेंटरात आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे होते. पेन्शनीत आल्यावर शेतीत मन रमेना, म्हणून खडेबाजारामागच्या बोळात दहा बाय बाराची खोली भाड्यानं घेतली. आधी दुरुस्तीचा परवाना मिळाला, विक्रीचा त्यानंतर चार वर्षांनी. पहिली गिऱ्हाइकं खानापूर तालुक्यातली, जांबोटी-कणकुंबीकडची शेतकरी माणसं. भातात आणि उसात डुकरं शिरायची, राखणीला ठासणीच्या बंदुका असायच्या. तिकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला पहिल्या वहीची पहिली पानं समजावून सांगायला नकोत. ओळीमागून ओळ एकच शेरा : 'दारू सर्द. टोपी वाजली, बार नाही.'

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या काळात बाराबोर आल्या, बँकांचे गार्ड आले, शहापूरचे सराफ आले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर परदेशी हत्यारांची आयात सामान्य परवानाधारकासाठी बंद झाली, आणि आधीच देशात असलेल्या जुन्या विलायती पिस्तुलांना सोन्याचा भाव आला. तेव्हापासून कुणी वारलं की त्याच्या पिस्तुलाची चौकशी तेराव्याच्या आतच सुरू होते. मी शाळेतून दुकानात येऊन बसायची तेव्हा रिकाम्या पुंगळ्यांच्या बुडावरची अक्षरं वाचत बसायची. के. एफ. म्हणजे किर्की फॅक्टरी, आपल्या पुण्याजवळची खडकी. माझी इंग्रजी अक्षरओळख बरीचशी पितळेवर झाली आहे.

२०११ साली आप्पांची नजर अधू झाली आणि परवान्यावर माझं नाव लागलं. डिप्लोमा मेकॅनिकलचा, आधी तीन वर्षं उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर आणि इन्स्पेक्शनला काम केलेलं. तरी पहिली दोन वर्षं रोज एक तरी माणूस दारातून विचारायचा, "मालक कुठायत?" मी म्हणायची, "बोला की." मग तो जरा वेळ रस्त्याकडे बघायचा. आता जुनी गिऱ्हाइकं 'बाय' म्हणतात आणि बंदूक थेट टेबलावर ठेवतात. ती मोकळी आहे का, हे न बघता ठेवली तर मात्र बाय ओरडते, हेही त्यांना ठाऊक झालंय.

मधल्या काळातलं थोडक्यात सांगते. निवडणूक लागली की हत्यारं जमा करायचा आदेश निघतो. २०२१ ची लोकसभेची पोटनिवडणूक, २०२३ ची विधानसभा, २०२४ ची लोकसभा, तिन्ही वेळा आमची तिजोरीची खोली भिंतीपर्यंत भरली. २०१९ च्या डिसेंबरात कायदा बदलला आणि एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येऊ लागली. तिसरं वर्षभरात जमा करायचं होतं. त्या वर्षी म्हातारी माणसं आजोबांची बंदूक धोतरात गुंडाळून आणायची आणि पावती घेऊन झाल्यावरही उगीच बसून राहायची. चहा मागवायचा, दुसरं काय करणार?

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. तीन वर्षांपूर्वी .३२ चं एक नवीन, आखूड, कमरेला लावायचं पिस्तूल बाजारात आलं. ९ मिमी आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, त्यामुळे सामान्य परवानाधारकाचं पिस्तूल म्हणजे बत्तीसच. देशातल्या खासगी कारखान्यांना बनवायचे परवाने मिळू लागल्यापासून नवनवे नमुने येताहेत. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात दोष सगळा तिचा नव्हता. दिसायला सुबक, वजनाला हलकं, सदऱ्याखाली फुगवटा दिसत नाही. क्रशरवाले, कंत्राटदार, सराफ सगळ्यांचा एकच प्रश्न : "अडकत नाही ना?"

ज्याच्यावर शंभर गोळ्यासुद्धा झाडलेल्या नाहीत, त्याबद्दल याचं उत्तर कुठल्याही दुकानदाराला देता येत नाही. देतो तो थाप मारतो. बाहेरदेशी माणूस नवीन पिस्तूल घेऊन रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर जातो, दोनतीनशे गोळ्या झाडतो आणि मगच ते कमरेला लावतो. आपल्याकडे परवान्यावर दोन आकडे असतात, एका वेळी किती गोळ्या बाळगायच्या आणि वर्षाला किती घ्यायच्या. वर गोळी स्वस्त नाही. परिणामी बहुतेक माणसं पंचवीस गोळ्या घेतात, पाच झाडून बघतात आणि वीस कपाटात ठेवतात.

माझा भाचा पॉलिटेक्निकात शिकवतो. त्यानं एका दुपारी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडून दिला. समजा एखादं पिस्तूल शंभरात दहा वेळा अडकतं, म्हणजे निव्वळ भंगार. अशी चौदा पिस्तुलं आणून प्रत्येकातून पंचवीस गोळ्या झाडल्या, तर त्यातलं सरासरी एक काही न होता पास होईल. शंभरात दोनदा अडकणारी घेतली, तर दहातली सहा पास होतील. तेच पिस्तूल दोनशे गोळ्यांवर घासलं, तर शंभरातली जेमतेम दोन सुटतील. "आत्या, पंचवीस गोळ्यांनी फक्त फारच वाईट पिस्तूल सापडतं," तो म्हणाला. मी तो कागद लॅमिनेट करून गल्ल्याजवळ लावला. गिऱ्हाइकांना तो उदबत्तीच्या जाहिरातीसारखा वाटतो, वाचत कुणी नाही.

म्हणून ठरवलं की दुकानाच्या खर्चानं एका नमुन्यावर परवानगीच्या रेंजवर दोनशे गोळ्या पूर्ण करायच्या आणि मगच विक्री. एका कंत्राटदाराला दिवाळीआधी हवं होतं. थांबा म्हटलं तर त्यानं दुसरीकडून घेतलं, आणि त्याच्याबरोबर त्याचे दोन मेहुणेही गेले. आप्पा काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी जेवताना रेडिओ जरा मोठा लावला.

पहिल्या साठ गोळ्यांत चार वेळा अडकलं. नाक खाली घालून गोळी नळीच्या तोंडाशी अडायची आणि स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागेपुढे सरकणारा भाग, अर्ध्यावर थांबायची. रेंजवरचे लोक म्हणाले, पिस्तूलच खराब, परत करा. आज्जांची पद्धत अशी की दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पिस्तुलाबरोबर दोन मॅगझीन, म्हणजे गोळ्या भरायच्या डब्या होत्या. एकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, दुसऱ्यावर पिवळ्याचा. चारही वेळा पिवळं. पांढऱ्यातून एकही नाही. पिवळ्या मॅगझीनची स्प्रिंग ढिली होती. स्लाइड मागे जाऊन पुढे येते तेवढ्यात गोळीनं वर सरकून तयार राहायला हवं. आखूड पिस्तुलात स्लाइडचा प्रवासच कमी, वजन कमी, तिला पुढे ढकलणारी स्प्रिंग कडक, त्यामुळे तेवढी सवड उरत नाही. लांब पिस्तुलात हीच स्प्रिंग कदाचित खपून गेली असती. कंपनीनं महिन्याभरात मॅगझीन बदलून दिलं, हेही लिहायला हवं.

स्लाइडला ढकलणारी ही स्प्रिंग मी रेंजवर जायच्या आधीच उद्यमबागेत एका ओळखीच्या स्प्रिंगवाल्याकडे नेली होती आणि नवीन असतानाची मोकळी लांबी मोजून घेतली होती. दोनशे गोळ्यांनंतर पुन्हा मोजली. जरा बसली होती, जेवढी नवीन स्प्रिंग बसतेच तेवढी. त्याला वाटलं मी त्याला स्प्रिंग बनवायला सांगणार. "नको रे बाबा, सुटे भाग बनवायचा परवाना वेगळा," म्हटलं. तो हसला आणि मोजण्याचे पैसे घेतले नाहीत.

विक्री सुरू झाल्यावर खऱ्या नोंदी यायला लागल्या. त्यातल्या बऱ्याचशा पिस्तुलाच्या पोटातल्या नाहीत, माणसाच्या घरातल्या आहेत.

बत्तीस पिस्तुलाची गोळी जुनी, जॉन ब्राउनिंगच्या हातची, १८९९ च्या आसपासची. तिच्या बुडाची कड किंचित बाहेर असते. मॅगझीनमध्ये वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेमागे गेली, की दोन्ही एकमेकीत अडकतात आणि वरची पुढे सरकतच नाही. स्लाइड कितीही ओढा. नेहमीपेक्षा आखूड गोळी भरली की मॅगझीनमध्ये पुढेमागे हलायला जागा राहते आणि हा प्रकार वाढतो. एका सराफांनी वडिलांच्या कपाटातल्या जुन्या विलायती गोळ्या आणि आमच्याकडच्या नव्या, अशी मिसळ भरली होती. मोटरसायकलवर चोर्ल्याच्या घाटानं गोव्याला जाऊन आले, हादऱ्यांनी गोळ्या मागेपुढे झाल्या. घरी येऊन स्लाइड ओढली तर ढिम्म. आणखी एक : रिव्हॉल्व्हरच्या गोळीलाही लोक बत्तीसच म्हणतात. ती लांब असते आणि तिची कड पूर्ण बाहेर असते. पिस्तुलाला ती चालत नाही. दुकानात आलात तर 'बत्तीसची द्या' एवढंच म्हणू नका, परवाना दाखवा आणि हत्यार कुठलं तेही सांगा.

दुसरी नोंद खोबरेल तेलाची. संकेश्वरकडच्या एका काकांनी पिस्तूल आणलं, जानेवारीतली गोष्ट. "बाय, घोडा पडतोय पण गोळी उडत नाय बघ." उघडलं तर आत पांढरा लोण्यासारखा थर. काकूंनी शिलाई मशीनचं तेल संपलं म्हणून डोक्याचं तेल घातलं होतं. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं, आणि बेळगावची जानेवारीची रात्र त्याहून कितीतरी गार. गोळीच्या बुडावर आपटणारी फायरिंग पिन त्यातून वाट काढता काढता जोर घालवून बसायची. काकांना मी म्हटलं, उन्हाळ्यात आला असतात तर हे सापडलंच नसतं.

तिसरी खंडेनवमीची. शस्त्रपूजा करायलाच हवी, आमच्या दुकानातही होते. पण कुंकू स्लाइडच्या फटीत जातं, हळद गोळी बसते त्या चेंबरमध्ये जाते, झेंडूची पाकळी मॅगझीन बसतं त्या पोकळीत सापडते. लाल वहीत दरवर्षी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात हा शेरा असतोच. आज्जा बंदुकीला पंचा गुंडाळून पंच्यावर बोट लावायचे. देवीला चालतं, असं ते म्हणायचे.

आणि घाम. कमरेला चामड्याच्या म्यानात रोज लावलेलं पिस्तूल जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून पुसायला हवं. चामडं ओल धरून ठेवतं. रात्री पिस्तूल म्यानातच ठेवलं तर सकाळी तांबूस ठिपके दिसतात. कपड्याची बारीक तूस पण आत जमते, तेल जास्त असलं तर अधिकच. तेल भरपूर घातलं की हत्यार जपलं असं लोकांना वाटतं. जास्तीचं तेल धूळ गोळा करतं, आणि काडतुसाच्या बुडातल्या टोपीपर्यंत झिरपलं तर बारच मुका होतो.

सीमेवरच्या गिऱ्हाइकांना एक वेगळीच अडचण. चंदगडचे, गडहिंग्लजचे लोक आमच्याकडे येतात, आमच्याकडचे शिनोळीच्या पलीकडे शेत बघायला जातात. परवान्यावर हत्यार कुठल्या हद्दीत चालेल ते लिहिलेलं असतं. घर कर्नाटकात, ऊस महाराष्ट्रात, आणि परवाना फक्त कर्नाटकाचा, असे तीन तरी शेतकरी मी ओळखते. डुकराला हद्द नसते, बंदुकीला असते. परवान्याचं ते पान आधी वाचा, पिस्तूल अडकायच्या कितीतरी आधी माणूस अडकतो.

आमचं आजचं मत विचाराल तर सांगते. वरचं पिस्तूल आम्ही विकतो. देताना दोन्ही मॅगझीनवर ठिपके देऊन देतो, आणि घेणाऱ्यानं निदान पन्नास गोळ्या एकाच बनावटीच्या झाडाव्यात असा आग्रह धरतो, मग त्याला दोन वर्षं लागली तरी चालतील. ज्यांचा हात थरथरतो, किंवा ज्यांना स्लाइड दोन्ही हातांनी नेटानं ओढता येत नाही, त्यांना रिव्हॉल्व्हर दाखवतो. एखादी गोळी मुकी निघाली तर रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा दाबायचा, पुढची गोळी समोर येते. पिस्तूल मुकं झालं की दुसरा हात लागतो, आणि तो रिकामा असेलच असं नाही. रिव्हॉल्व्हरही अडकतं, हं. पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली कचरा बसला की चक्री फिरत नाही. तिसऱ्या वहीत त्याचीही सात पानं आहेत.

ज्या कंत्राटदारानं दुसरीकडून पिस्तूल घेतलं होतं, ते गेल्या श्रावणात आले. दारातूनच म्हणाले, "एक मॅगझीन जरा बघता काय?" मी बघितलं, ठिपका दिला, आणि रेंजवरची वेळ मिळेपर्यंत ते पिस्तूल आमच्या तिजोरीत राहिलं. त्यांच्या मेहुण्यांचा अजून फोन नाही. वहीत एकशे बाराव्या पानावर शेवटची नोंद कंत्राटदारांच्या पिस्तुलाची आहे : 'आजवर ४० गोळ्या, पिवळं मॅगझीन, एकदा. पुढच्या खेपेला स्प्रिंग मोजणे.'