तुम्ही विचारलंत म्हणून: ती औषधं थेट पोटात का देत नाहीत?

मी प्रयोगशाळेत पेशी वाढवते हे कळलं की लोक, त्यातही टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांचे आईवडील, हमखास विचारतात, "रसायनांनी म्हणे साध्या पेशीची स्टेम सेल, म्हणजे जिच्यापासून शरीरातली कुठलीही पेशी घडू शकते अशी मूळपेशी, करता येते. मग ती औषधं थेट पोटातच का देत नाहीत?"

बातमी खरी आहे. २००६ साली क्योतोमध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना मूळपेशींच्या अवस्थेत नेलं. पण त्या चारांतल्या सी-मिकचं कर्करोगाशी जवळचं नातं. २०१३ मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या होंगकुई देंग यांच्या गटानं बाहेरचं जनुक न घालता, नुसत्या सात लहान रेणूंवर, म्हणजे रसायनांवर, उंदराच्या पेशींत हेच साधलं. त्यातलं व्हॅल्प्रोइक ॲसिड फिटांवर देतात, ट्रॅनिलसिप्रोमीन नैराश्यावर. फोर्स्कोलिन तर आपल्याकडचंच. कोलिअस या वनस्पतीच्या मुळांतलं हे द्रव्य सत्तरच्या दशकात मुंबईत, हेक्स्ट या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात वेगळं काढलं गेलं. गुजरातेत त्याच मुळांचं, गरमरचं, लोणचं घालतात! इतकी ओळखीची नावं ऐकल्यावर तुमच्या मनात हा प्रश्न येणारच.

पण प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या बशीत काय चालतं ते पाहा. रसायनं एकदम ओतायची नसतात. एक संच काही दिवस, मग तो काढून दुसरा. चातीसारख्या निमुळत्या पेशी हळूहळू आखूड होतात, एकमेकींना बिलगतात, आणि शेवटी मूळपेशींच्या घट्ट, गोल वसाहती, म्हणजे पुंजके, दिसू लागतात. त्याही मोजक्याच: २०१३ च्या प्रयोगात हजारातल्या फार तर दोन पेशी तिथवर पोचल्या. माणसाच्या पेशींत हे जमायला २०२२ उजाडलं. बशीत आपण हव्या त्या वसाहती निवडतो, बाकीच्या टाकून देतो. यकृतात किंवा हृदयात ही निवड कोण करणार? स्पेनमध्ये उंदरांच्या शरीरातच, जनुकांच्या मार्गानं, पेशी मागे नेल्या तेव्हा अनेक अवयवांत टेराटोमा नावाच्या गाठी झाल्या. म्हणून औषध पेशींना द्यायचं, तेही शरीराबाहेर.

त्या वाटेनं खरोखर आशा आहे. चीनमधल्या त्यानजिनमध्ये टाइप १ मधुमेहाच्या एका तरुणीच्या स्वतःच्या पेशी अशा रसायनांनी मागे नेऊन, त्यांपासून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी घडवून तिच्या पोटाच्या भिंतीत सोडल्या. पंचाहत्तर दिवसांनी तिचं बाहेरचं इन्सुलिन बंद झालं. हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा मी किती आनंदले! मात्र यकृत-प्रत्यारोपणामुळे तिला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आधीपासून चालू होती. ती नसती तर, टाइप १ मध्ये मुळात होतो तसा, शरीरानं या नव्या पेशींवर हल्ला केला असता का, हे या एका रुग्णावरून सांगता येत नाही.

त्यामुळे मुलाचं इन्सुलिन कुणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपल्याकडे स्टेम सेलचा मान्य उपचार रक्ताच्या काही आजारांपुरताच आहे. मधुमेहासाठी जे काही होईल ते चाचणी म्हणूनच. अशी चाचणी सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीच्या संकेतस्थळावर नोंदलेली असते, आणि तिच्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. कुणी लाखांचं पॅकेज सांगितलं, तर आधी नोंदणी क्रमांक मागा.