शूटआउटने खाल्लेला दिवस

हॉकी संघाचा जनरल मॅनेजर कॅनडाच्या नागरिकत्वाच्या अर्जासाठी येतोय म्हटल्यावर आमच्या ऑफिसातल्या पोरांना वाटलं, ही फाइल आठवड्यात हातावेगळी होणार. माणूस अमेरिकेत, मिनेसोटात जन्मलेला. मातृभाषा इंग्रजी, कर वेळेवर भरलेले, पोलिसांत कुठे नाव नाही. आणि वर आइस हॉकी! कॅनडाने १९९४ साली संसदेत कायदा करून जिला हिवाळ्यातला राष्ट्रीय खेळ ठरवलं, तिच्यावर पोट असलेला माणूस. त्याला कोण अडवणार?

मी कॅल्गरीत परवानाधारक इमिग्रेशन कन्सल्टंट आहे. फाइल सरळ दिसली की मी आधी पासपोर्ट मागते. त्यांचा उघडला तर जवळजवळ कोरा. अमेरिकन माणूस गाडीने सीमा ओलांडतो तेव्हा शिक्का सहसा मारतच नाहीत. आणि हे गृहस्थ सतत सीमा ओलांडत होते. मग मला घाम फुटला.

नाव सांगायचं नाही, गाव नाही, संघ नाही. आमच्या पेशात ते चालत नाही. मॅनेजर म्हणते. प्रेअरीवरच्या, म्हणजे इथल्या सपाट गवताळ प्रदेशातल्या, एका गावातल्या ज्युनियर संघाचे ते मॅनेजर. ज्युनियर म्हणजे सोळा ते वीस वर्षांची पोरं, घरापासून दूर, गावातल्या एखाद्या कुटुंबाकडे राहून शाळा आणि खेळ दोन्ही सांभाळणारी. पश्चिम कॅनडाच्या या लीगमध्ये काही संघ अमेरिकेतलेही आहेत: स्पोकेन, सिअ‍ॅटल, पोर्टलंड. सामन्यांना विमानाने जायची चैन इथे नाही. रात्र रात्र बसमध्ये काढायची. शिवाय नवी पोरं हेरायला मॅनेजर मिनेसोटा, डकोटा पालथे घालणार, ऑगस्टात स्पर्धा बघायला युरोपात जाणार. आणि उन्हाळा? उन्हाळा आईकडे, मिनेसोटातल्या तळ्याकाठच्या घरी.

कॅनडाचा नागरिकत्वाचा हिशेब साधा आहे. अर्जाच्या तारखेच्या आधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस तुमचे पाय कॅनडाच्या भूमीवर असले पाहिजेत. कायम रहिवासी झाल्यानंतरचा प्रत्येक दिवस पूर्ण धरतात. त्याआधी वर्क परमिटवर असतानाचा दिवस अर्धा, आणि असे अर्धे मिळून जास्तीत जास्त ३६५. घर, गाडी, बँकेतलं खातं, शेजाऱ्यांचं प्रेम यांतलं काहीही चालत नाही. फक्त पाय.

क्लबच्या ऑफिसात सगळ्यांची ठाम समजूत होती की क्लबच्या कामासाठी बाहेर काढलेले दिवस कॅनडातच धरतात. ही समजूत हवेतून आली नव्हती. कायम रहिवासी म्हणून टिकायचं तर पाच वर्षांत ७३० दिवस लागतात, आणि तिथे कॅनडातल्या कंपनीने पूर्णवेळ कामासाठी परदेशी पाठवलेल्याला ते दिवस काही अटींवर मिळतात. नागरिकत्वाच्या कायद्यात ही सवलत नाही. दोन कायदे शेजारी शेजारी राहतात आणि लोक एकाचं पत्र दुसऱ्याच्या पेटीत टाकतात. मी हे समजावल्यावर मॅनेजर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे मी कॅनडाच्या संघासाठी खेळाडू शोधत फिरत होतो, तेव्हा मी कॅनडात नव्हतो.’’

‘‘नव्हतात,’’ मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आता हिशेबातली गंमत. निघाल्याचा दिवस आणि परतल्याचा दिवस, दोन्ही कॅनडातच मोजले जातात. शुक्रवारी निघून शनिवारी रात्री परत आलात तर गैरहजेरी शून्य. पण शनिवारी परतताना सीमेवर मध्यरात्र उलटली, तर परतीचा दिवस रविवार होतो आणि आख्खा शनिवार हातचा जातो. स्पोकेनहून आमच्या बाजूला यायचं तर बस किंग्जगेटच्या नाक्यावरून ब्रिटिश कोलंबियात शिरते. सामना संपणार, पोरं अंघोळी करणार, खोके भरणार, पिझ्झे चढवणार, आणि मग दोन तासांचा रस्ता. बाराच्या आसपासच नाका येतो. कधी अलीकडे, कधी पलीकडे.

मॅनेजरांच्या कॅलेंडरवर परतीची तारीख म्हणून सामन्याचीच तारीख लिहिलेली असायची. सीमा सुरक्षा संस्थेकडून त्यांच्या प्रवेशांची नोंद रीतसर मागवली. अलीकडे अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद म्हणजेच कॅनडातून बाहेर पडल्याची नोंद, अशी दोन्ही देशांत देवाणघेवाण चालते, त्यामुळे आपल्याला आठवत नसलं तरी सरकारला आठवतं. ती नोंद आणि कॅलेंडर जुळेनात. काही फेऱ्या तर नोंदीत सापडेचनात. मग क्लबच्या बसचालकाने जपून ठेवलेल्या ट्रिप शीट आल्या. कुठे किती वाजता निघालो, नाक्यावर किती वाजता थांबलो, डिझेल कुठे भरलं, सगळं चौकोनी अक्षरात. त्या माणसाला मी कधी भेटले नाही, पण त्याच्या अक्षरावर माझा जीव जडला.

एका बाजूला ट्रिप शीट, दुसऱ्या बाजूला सामन्यांच्या अधिकृत नोंदी. मी तारीख वाचायची, मॅनेजर सामना आठवून सांगायचे. तारखा त्यांना आठवत नसत. कोणत्या पोराने तिसऱ्या सत्रात गोल मारला ते मात्र आठवे. अशाच एका शनिवारी आम्ही अडलो. स्पोकेनचा सामना बरोबरीत सुटलेला, मग ओव्हरटाइम म्हणजे जादा वेळ, मग शूटआउट, म्हणजे एकेका खेळाडूने एकट्याने गोलकीपरवर चालून जायचं. बस नाक्यावर पोचली बारा वाजून काही मिनिटांनी.

‘‘हा दिवस गेला,’’ मी म्हटलं.

त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. ‘‘शूटआउट आम्ही जिंकला होता. दोन गुण मिळाले म्हणून मी बसमध्ये सगळ्यांना आइस्क्रीम दिलं होतं.’’ आणि मग असे हसले की बाहेरच्या खोलीतली माणसं वळून बघायला लागली.

बाहेर त्या दिवशी माझे दुसरे एक अशील बसले होते. लांब पल्ल्याचा ट्रक चालवणारे सरदारजी, कॅल्गरीच्या नॉर्थईस्टमध्ये राहणारे. त्यांचंही दुखणं तेच: माल कूट्सच्या नाक्यावरून मोंटानात, तिथून खाली, आणि परत. त्यांच्याकडे ट्रकच्या इलेक्ट्रॉनिक लॉगचे प्रिंट होते, हातभर. मॅनेजर बाहेर आले तसे सरदारजी उठून उभेच राहिले. त्यांचा मुलगा हॉकी खेळतो. पंजाबीतून हॉकीचं समालोचन इकडे टीव्हीवर २००८ पासून चालू आहे. सरदारजी ते ऐकतात आणि ज्युनियर लीगच्या बातम्याही वाचतात. त्यांनी नमस्कार-चमत्कार सोडून पहिला प्रश्न टाकला, ‘‘तो चांगला गोलकीपर तुम्ही दुसऱ्या संघाला का देऊन टाकलात?’’

पुढची पंधरा मिनिटं माझ्या वेटिंग रूममध्ये गोलकीपरचा निकाल लागत होता. मग दोघं नाक्यांवर आले. किंग्जगेटला रात्रीचा तो उंच अधिकारी, कूट्सला हिवाळ्यात लागणारी ट्रकची रांग, कॉफी कुठली प्यायची आणि कुठली मुळीच नाही. दोघांचं आयुष्य एकाच डांबरावर गेलं होतं, फक्त एकाच्या मागे सॉकरच्या मैदानाएवढा ट्रेलर होता आणि दुसऱ्याच्या मागे झोपलेली चोवीस पोरं.

मी खडकीची. धनराज पिल्ले आमच्या खडकीचा, चार ऑलिंपिक खेळलेला. त्यामुळे हॉकीचं वेड म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. पण ते उन्हातल्या मैदानावरचं वेड. बर्फावरचं हे प्रकरण माझ्या डोक्यात त्या पंधरा मिनिटांत पहिल्यांदा शिरलं.

बेरीज झाली तेव्हा मॅनेजर १,०९५ ला नऊ दिवस कमी पडत होते. ऐकणाऱ्याला वाटतं, मग काय, नऊ दिवस थांबा. तसं होत नाही. पाच वर्षांची चौकट रोज पुढे सरकते. पुढे एक दिवस मिळतो तेव्हा मागचा एक गळतो. त्यांचे मागचे दिवस वर्क परमिटचे, म्हणजे अर्धे. रोजची खरी कमाई अर्धा दिवस. शिवाय मी काठावरचा अर्ज पाठवत नाही. इमिग्रेशन विभागाने एखादी रात्र वेगळी मोजली तर सगळंच कोसळतं. म्हणून मी सांगितलं, हा उन्हाळा इथेच काढा.

क्लबच्या अध्यक्षांचा फोन आला. नागरिकत्वाच्या कायद्यातलं ५(४) हे कलम त्यांना कोणीतरी दाखवलं होतं. त्यात मंत्री स्वतःच्या अधिकारात नागरिकत्व देऊ शकतात: माणूस कुठल्याच देशाचा उरला नसेल, विशेष हालअपेष्टा असतील, किंवा त्याने कॅनडाची असामान्य मोलाची सेवा केली असेल तर. ‘‘हॉकी म्हणजे सेवाच की,’’ अध्यक्ष म्हणाले. मी काही बोलायच्या आत मॅनेजरच मध्ये पडले. ‘‘गेल्या मोसमात आपण प्लेऑफला, बाद फेरीलासुद्धा गेलो नाही. असामान्य हा शब्द लिहू नका.’’

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. लोक मला विचारतात, असा रुक्ष कायदा कसा सोसतेस? मला तो आवडतो. तो कोणाच्या छातीतलं प्रेम मोजायला जात नाही. प्रेम मोजायला लागले असते तर मॅनेजर पहिल्या दिवशी पास झाले असते आणि सरदारजींना कोणीतरी उगाच चार प्रश्न जास्त विचारले असते. दिवस मोजले की दोघांना सारखाच त्रास.

मॅनेजर त्या उन्हाळ्यात तळ्यावर गेले नाहीत. आईच इकडे येऊन राहिली. तळं नाही, डास नाहीत, मासे नाहीत, असं कुरकुरत तिने जुलै काढला.

अर्ज गेला, यथावकाश परीक्षेचं बोलावणं आलं. वीस प्रश्न, पंधरा बरोबर हवेत. सरकारी अभ्यासपुस्तिकेत हॉकीवर परिच्छेद आहे: स्टॅनले कप १८९२ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनले यांनी दिला, १९७२ मध्ये पॉल हेंडरसनने सोव्हिएत संघाविरुद्धचा गोल मारला, वगैरे. मॅनेजरांनी तो भाग वाचून पुस्तिका मिटली होती. मी त्यांना उन्हाळ्यातला राष्ट्रीय खेळ विचारला. ‘‘बेसबॉल?’’ नाही, लॅक्रॉस, जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ. त्याच १९९४ च्या कायद्यात आहे. मग मात्र बसमध्ये पोरांनी त्यांना प्रश्न विचारायला सुरुवात केली, प्रांतांच्या राजधान्यांसकट. पास झाले. हॉकीवर एकही प्रश्न आला नाही याचं दुःख त्यांना अजून आहे.

शपथविधी समोरासमोर होता. हल्ली बरेच जण घरून व्हिडिओवर शपथ घेतात, पण यांना खोलीत माणसं हवी होती. नागरिकत्व न्यायाधीश, लाल कोटातला पोलीस, कितीतरी देशांतली कुटुंबं. शपथ राजा चार्ल्स तिसरे आणि त्यांच्या वारसांशी निष्ठेची. २०२१ पासून तिच्यात मूलनिवासी लोकांच्या करारातल्या हक्कांचाही उल्लेख असतो. आधी इंग्रजीत, मग फ्रेंचमध्ये. मॅनेजरांची आई पहिल्या रांगेत. राजा हा शब्द आल्यावर तिने मुलाकडे असं पाहिलं की १७७६, म्हणजे अमेरिकेने राजाला झुगारलं ते साल, कालच झालं असावं. फ्रेंचमध्ये ते न्यायाधीशांच्या मागे अर्धा शब्द राहून पुटपुटत गेले. ‘ओ कॅनडा’ हे राष्ट्रगीत मात्र खणखणीत. वर्षानुवर्षं प्रत्येक सामन्याआधी बेंचमागे उभं राहून ऐकलेलं. २०१८ मध्ये बदललेल्या ओळीसह एकही शब्द चुकला नाही. हात मागे, हनुवटी वर, नजर समोरच्या भिंतीवर. तिथे स्कोअरबोर्ड असावा तशी.

त्यांचं अमेरिकन नागरिकत्व जागच्या जागी राहिलं. कॅनडाला १९७७ पासून दुहेरी नागरिकत्व चालतं, अमेरिकाही दुसरं घेतलं म्हणून पहिलं काढून घेत नाही. कर मात्र दोन्हीकडे कळवायचा. त्यावर त्यांनी मनसोक्त शिव्या दिल्या. माझं तसं झालं नव्हतं. भारताला दुहेरी नागरिकत्व मंजूर नाही. मी शपथ घेतली त्यानंतर माझा निळा पासपोर्ट जमा केला, तो रद्दचा शिक्का होऊन परत आला, सोबत त्यागाचा दाखला. ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीयाचं, कार्ड आहे, खडकीला जाता येतं, मत देता येत नाही. मॅनेजरांना हे मी समारंभानंतर कॉफी घेताना सांगितलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. ते म्हणाले, ‘‘मग तुमची शपथ माझ्यापेक्षा महाग होती.’’ हो, होती. त्याचं मला वाईट वाटतं का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही उत्तर शोधत बसले नाही. आई शेजारी केकचा तिसरा तुकडा घेत होती.

संध्याकाळी त्यांचा घरच्या बर्फावर सामना होता. निघताना त्यांनी विचारलं, ‘‘आता बाराच्या आत नाका गाठायची गरज नाही ना?’’ नाही, म्हटलं. हवा तेवढा ओव्हरटाइम खेळा.

सरदारजींचा अर्ज अजून माझ्याकडेच आहे. त्यांचे दिवस जवळपास महिनाभराने कमी आहेत. त्यांनी मालकाकडून अमेरिकेची फेरी सोडून व्हँकुव्हर–विनिपेगची मागून घेतली. मैलाला पैसे कमी मिळतात, पण सगळे दिवस कॅनडातले. गेल्या आठवड्यात नवे प्रिंट द्यायला आले होते. मॅनेजरांनी त्यांच्या मुलाला संघाच्या सरावाला एकदा बोलावलं, हे सांगून झाल्यावर म्हणाले, ‘‘मॅडमजी, पोराला विचारा, गोलकीपर देऊन टाकला ते चुकलंच. नवा डाव्या बाजूला झोपतो.’’